दार किती उघडे, बाहेर गर्दी किती: ऑक्टोबर २००३ मधील सौरकणांचा ध्रुवीय चुंबकावरणातील प्रवेश

२९ ऑक्टोबर २००३ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांच्या सुमारास सूर्याकडून निघालेला एक आघाततरंग पृथ्वीजवळ येऊन थडकला आणि भूचुंबकीय वादळाला तोंड फुटले. त्यानंतर काही मिनिटांतच, सव्वासहाला, भूस्थिर कक्षेतील गोज उपग्रहावरच्या मापकाने १० एमईव्हीहून अधिक ऊर्जेच्या प्रोटॉनांचा प्रवाह २९,५०० नोंदवला. एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि प्रवाहाचे हे एकक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला, दर स्टेरेडियन घनकोनातून येणारा एक कण. हा प्रवाह १० वर गेला की सौरकणांची घटना सुरू झाली असे धरतात. म्हणजे त्या सकाळची नोंद उंबरठ्याच्या जवळजवळ तीन हजार पट होती.

वादळाची सुरुवात आणि कणांचे शिखर एकाच घटकेला आले, या योगायोगामुळे या घटनेची वर्णने बहुधा एका दमात केली जातात: मोठा स्फोट झाला, मोठे वादळ आले, कण आत शिरले. वास्तविक कण पृथ्वीजवळ असणे आणि ते चुंबकावरणात, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या तिच्याच चुंबकीय क्षेत्राच्या आवरणात, खोलवर पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणे निराळी आहेत आणि त्यांची वेळापत्रकेही निराळी आहेत. ऑक्टोबर २००३ चे प्रकरण अभ्यासासाठी घेण्याचे कारण हेच, की इथे या दोन्ही गोष्टी टोकाला गेल्या, पण नेमक्या एकाच वेळी नाही.

घटनाक्रम

त्या महिनाअखेरीस सूर्याच्या दृश्य बाजूवर सौरडागांचे काही मोठे गट होते. त्यांतील एका गटातून २६ ऑक्टोबरला झालेल्या ज्वालेनंतर, म्हणजे सौरपृष्ठावरच्या स्फोटानंतर, पृथ्वीजवळचा प्रोटॉन प्रवाह ४६६ पर्यंत चढला होता. ही मध्यम प्रतीची घटना पुढच्या गदारोळात विसरली जाते. २८ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी १०४८६ क्रमांकाच्या गटात एक्स १७ प्रतीची (एक्स ही ज्वालांची सर्वांत तीव्र प्रत) ज्वाला शिखरावर पोहोचली. हा गट तेव्हा सूर्यबिंबाच्या मध्याजवळ, किंचित पूर्वेला होता. सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या सोहो यानावरील किरीटदर्शकाने, म्हणजे सूर्यबिंब झाकून त्याभोवतीच्या किरीटाची चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने, त्याच वेळी सुटलेल्या द्रव्य-उत्सर्जनाचा वेग सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटरहून अधिक मोजला. थोड्याच वेळात त्या किरीटदर्शकाच्या चित्रांवर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. ते ठिपके म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर थेट आदळणारे प्रोटॉन होते.

इथे वेगांचे गणित करून पाहण्यासारखे आहे. १०० एमईव्हीचा प्रोटॉन प्रकाशाच्या ४३ टक्के वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १,२८,००० किलोमीटर वेगाने धावतो. सूर्यापासून निघणाऱ्या चुंबकीय बलरेषा सर्पिलाकार असल्याने त्याला सरळ अंतरापेक्षा थोडी अधिक वाट तुडवावी लागते, तरी तो अर्ध्या तासाच्या आत पृथ्वीजवळ येतो. १० एमईव्हीच्या प्रोटॉनला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. उत्सर्जित द्रव्याच्या पुढे धावणारा आघाततरंग मात्र सुमारे १९ तासांनी आला. या १९ तासांत तो तरंग स्वतःच वाटेतल्या कणांना सतत ढकलत, ऊर्जा देत होता, आणि म्हणूनच कमी ऊर्जेच्या कणांची सर्वांत दाट गर्दी त्याच्या आजूबाजूला होती. सव्वासहाचे शिखर हे ज्वालेचे शिखर नव्हे; ती आघाततरंगाबरोबर वाहत आलेली गर्दी होती. १०० एमईव्हीहून अधिक ऊर्जेच्या प्रोटॉनांचे शिखर त्याआधी काही तास, मध्यरात्रीनंतर लगेच येऊन गेले होते.

२९ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास त्याच गटात एक्स १० प्रतीची दुसरी ज्वाला झाली. तिचा आघाततरंग ३० तारखेला दुपारी साडेचारच्या आसपास पृथ्वीवर आला आणि प्रोटॉन प्रवाह पुन्हा वर चढला. वादळाची तीव्रता मोजणारा डीएसटी निर्देशांक (तो जितका उणे, तितके वादळ तीव्र) ३० तारखेच्या मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तासात उणे ३५३ नॅनोटेस्लापर्यंत आणि त्याच दिवशी रात्री अकराच्या सुमारास उणे ३८३ नॅनोटेस्लापर्यंत खाली गेला. म्हणजे पहिल्या घटनेत कणांचे शिखर आणि वादळाचा तळ यांच्यात सुमारे १८ तासांचे अंतर होते.

कणाला अडवते कोण

विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जात नाही. बलरेषेभोवती घिरट्या घालत जातो. त्याला वळवणे किती कठीण आहे हे सांगणारी राशी म्हणजे रिजिडिटी, अर्थात संवेग भागिले विद्युतभार. ती गिगाव्होल्टमध्ये मोजतात. १० एमईव्हीच्या प्रोटॉनची रिजिडिटी सुमारे ०.१४ गिगाव्होल्ट, १०० एमईव्हीच्या प्रोटॉनची सुमारे ०.४५, आणि १,००० एमईव्हीच्या प्रोटॉनची सुमारे १.७ गिगाव्होल्ट असते. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर ध्रुवीय प्रकाशाचा उलगडा करण्याच्या उद्देशाने द्विध्रुवी क्षेत्रातील कणांच्या वाटा हाताने मोजत बसले. ध्रुवीय प्रकाशाला त्यांचे गणित तसे लागू पडले नाही, पण उच्च ऊर्जेच्या कणांना ते चपखल बसले. त्या गणितानुसार प्रत्येक चुंबकीय अक्षांशावर एक किमान रिजिडिटी असते आणि तिच्याखालचा कण उभ्या दिशेने तिथे उतरूच शकत नाही. ही मर्यादा विषुववृत्तावर सुमारे १५ गिगाव्होल्ट असते आणि अक्षांशाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) चौथ्या घाताने घटत जाते.

चौथा घात असल्याने मर्यादा ध्रुवाकडे फार झपाट्याने कोसळते. या सूत्रानुसार १,००० एमईव्हीचा प्रोटॉन सुमारे ५४ अंशांपर्यंत, १०० एमईव्हीचा सुमारे ६५ अंशांपर्यंत आणि १० एमईव्हीचा सुमारे ७२ अंशांपर्यंत उतरू शकतो. ध्रुवावर मर्यादा शून्य, म्हणजे तिथे सर्वांना मोकळीक.

प्रत्यक्ष मोजमापात मात्र शांत दिवसांतही कमी ऊर्जेचे कण सूत्राने सांगितलेल्या अक्षांशाच्या काही अंश खाली सापडतात. याचे कारण असे की त्या अक्षांशांवरून निघणाऱ्या बलरेषा अवकाशात दूरवर जातात, आणि तिथे पृथ्वीचे क्षेत्र शुद्ध द्विध्रुवी राहिलेले नसते. दिवसाच्या बाजूने सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, ते दाबतो, रात्रीच्या बाजूने ते लांब पुच्छासारखे ताणलेले असते. १० एमईव्हीच्या प्रोटॉनच्या घिरटीची त्रिज्या ५ नॅनोटेस्लाच्या आंतरग्रहीय क्षेत्रात सुमारे ९२,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १४ त्रिज्यांइतकी असते. चुंबकावरणाची सूर्याकडची सीमा एरवी पृथ्वीपासून सुमारे १० त्रिज्यांवर असते. पुच्छातील २० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात तीच घिरटी सुमारे २३,००० किलोमीटरची होते आणि ध्रुवाजवळ, जमिनीलगतच्या ६०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात केवळ साडेसात किलोमीटरची. ज्याची घिरटी आवरणाच्या आकाराची आहे त्याच्या दृष्टीने आवरणाची कातडी ही भिंत नसून पातळ पडदा आहे, आणि शिरल्यानंतर पृथ्वीजवळ मात्र तोच कण बलरेषेला घट्ट बांधलेला असतो.

आत येण्याच्या वाटा

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची वाट उघड्या बलरेषांची आहे. ध्रुवीय टोपीतून, म्हणजे चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या प्रदेशातून, निघणाऱ्या बलरेषांचे दुसरे टोक विरुद्ध गोलार्धात जात नाही. ते पुच्छातून पुढे जाऊन आंतरग्रहीय क्षेत्रात मिळते. जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या चित्रानुसार, आंतरग्रहीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असले की दिवसाच्या बाजूला पृथ्वीच्या आणि सूर्याच्या बलरेषांची पुनर्जोडणी होते, म्हणजे त्या तुटून एकमेकींना जोडल्या जातात, आणि उघड्या बलरेषा वाढतात. या चित्राविषयी सुरुवातीच्या काळात बराच वाद होता, आणि तो मिटवण्यात सौरकणांचाच हातभार लागला. चुंबकावरण पूर्ण बंद असते तर कण हळूहळू झिरपत आत आले असते आणि दोन्ही ध्रुवांवर सारखेच दिसले असते. प्रत्यक्षात घटनेच्या सुरुवातीला, जेव्हा कणांचा लोंढा सूर्याकडून एका दिशेने येत असतो, तेव्हा एका ध्रुवीय टोपीत ते लगेच दिसतात आणि दुसरीत उशिराने व कमी. आंतरग्रहीय बलरेषांची दिशा सूर्यापासून बाहेर असेल तर उत्तर टोपी सूर्याशी थेट जोडलेली असते; दिशा सूर्याकडे असेल तर दक्षिण टोपी. हे नाते इतके साधे आहे की त्यावरून उघड्या आवरणाची कल्पना मान्य करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुढे कण वाटेत विखुरले जाऊन सर्व दिशांनी सारखे येऊ लागले की दोन्ही टोप्यांतला हा फरक पुसट होतो. आघाततरंग जवळ येईपर्यंत तो बहुधा उरलेला नसतो.

दुसरी वाट पुच्छाच्या बाजूंची आणि मध्यपटलाची आहे. पुच्छाच्या मध्यभागी बलरेषा इतक्या तीव्र वळतात की वळणाची त्रिज्या कणाच्या घिरटीएवढी किंवा तिच्याहून लहान होते. अशा ठिकाणी कण बलरेषेला चिकटून राहू शकत नाही, त्याची दिशा विस्कटते आणि तो बंद बलरेषांवरही येऊन पडतो. त्यामुळे कणांच्या प्रदेशाची विषुववृत्ताकडची कड ध्रुवीय टोपीच्या कडेशी जुळत नाही. ती काही अंश खाली असते. या कडेची जागा कणाच्या ऊर्जेप्रमाणे आणि स्थानिक वेळेप्रमाणे बदलते.

वादळाने काय बदलले

वादळात दोन गोष्टी एकदम घडतात. दक्षिणाभिमुख क्षेत्रामुळे उघड्या बलरेषा वाढून ध्रुवीय टोपी फुगते, आणि पुच्छातून आत ढकललेल्या आयनांमुळे पृथ्वीभोवती काही त्रिज्यांवर पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह बळावतो. वलयाच्या आतल्या भागात या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असते. डीएसटी निर्देशांक जे घटलेले क्षेत्र मोजतो ते मुख्यतः हेच. क्षेत्र दुबळे झाले की त्याच रिजिडिटीचा कण कमी वळतो आणि अधिक खालच्या अक्षांशापर्यंत पोहोचतो.

हे सरकणे प्रत्यक्ष पाहण्यासाठी सॅम्पेक्ससारखा उपग्रह सर्वांत उपयोगी पडला. १९९२ मध्ये सोडलेला हा लहानसा उपग्रह विषुववृत्ताशी ८२ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत फिरत होता आणि प्रत्येक प्रदक्षिणेत कणांच्या प्रदेशाची कड चार वेळा ओलांडत होता: उत्तरेत जाताना आणि बाहेर पडताना, तसेच दक्षिणेत. कक्षा सुमारे दीड तासाची असल्याने दिवसभरात अशा साठेक नोंदी मिळतात. अशा नोंदींतून दिसते की मोठ्या वादळात एका दिवसात ही कड ५ अंशांहून अधिक सरकते, आणि तिचे सरकणे डीएसटीशी चांगले जुळते, पण तंतोतंत नाही. कधीकधी कड डीएसटीच्या तळाच्या काही तास आधीच सर्वांत खाली पोहोचते. हे अपेक्षितच म्हणायला हवे, कारण टोपीचे फुगणे आणि पुच्छाचे ताणले जाणे वलयप्रवाह पूर्ण भरण्याची वाट पाहत नाही.

पाच अंश हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून त्याचे क्षेत्रफळ काढून पाहावे. कड ६५ अंशांवर असताना ध्रुवाभोवतीचा मोकळा प्रदेश गोलार्धाच्या सुमारे ९.४ टक्के असतो. ती ६० अंशांवर आली की तो १३.४ टक्के होतो. प्रवेश असलेला प्रदेश चाळीस टक्क्यांहून अधिक वाढला, आणि बाहेरच्या कणांच्या संख्येत एकाचीही भर पडलेली नाही.

आता २९ आणि ३० तारखांकडे पुन्हा पाहू. सव्वासहाला बाहेर कमाल गर्दी होती, पण वादळ नुकते सुरू झाले होते. आघाततरंगामागचा सौरवात सेकंदाला १,८५० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता आणि चुंबकावरणाची दिवसाकडची सीमा भूस्थिर कक्षेच्याही आत दाबली गेली, तरी वलयप्रवाह अजून पुरता भरलेला नव्हता. त्यानंतरच्या मध्यरात्रीच्या सुमारास, जेव्हा या पहिल्या वादळात दार सर्वांत रुंद उघडले होते, तेव्हा बाहेरचा प्रवाह शिखराच्या बराच खाली, तरी उंबरठ्याच्या कितीतरी पट होता. मध्यम अक्षांशावरील एखाद्या ठिकाणी प्रोटॉन केव्हा सर्वाधिक आले असतील, याचे उत्तर म्हणूनच केवळ गोजचा आलेख पाहून देता येत नाही आणि केवळ डीएसटी पाहूनही नाही. दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवावे लागतात, आणि तेही प्रत्येक ऊर्जेसाठी वेगळे. ध्रुवीय टोपीच्या आत मात्र गोजचा आलेख बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरतो, कारण तिथे दार नेहमीच उघडे असते. वादळाने तिथे फारसे काही बदलत नाही.

आणखी एक अडचण नमूद करण्यासारखी आहे. सौरवात मोजणाऱ्या एस यानाचे प्लाझ्मा मापक याच प्रोटॉनांच्या माऱ्याने भांबावले आणि त्याच्या नेहमीच्या नोंदींत खंड पडला. दार किती उघडेल हे ज्या यंत्रावरून सांगायचे, तेच यंत्र बाहेरच्या गर्दीने निकामी केले, असा हा विचित्र प्रकार होता.

आत आल्यावर

कण वातावरणात किती खोल जातो हे त्याच्या ऊर्जेवर ठरते. १० एमईव्हीचा प्रोटॉन सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर थांबतो, १०० एमईव्हीचा ३० ते ३५ किलोमीटरवर. म्हणजे २९,५०० या गाजलेल्या आकड्यातील बहुसंख्य कण विमानांच्या उंचीच्या कितीतरी वरच संपले. त्यांनी तिथल्या हवेचे आयनीभवन केले, आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाला, एरवी नसलेला खालचा थर जणू बहाल केला, आणि त्या थराने लघुलहरी रेडिओसंदेश शोषून घेतले. अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळाच्या रेडिओ केंद्राला त्या पंधरवड्यात एकूण १३० तासांहून अधिक काळ असा खंड सोसावा लागला. ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांचे मार्ग बदलण्यामागेही संदेशवहन तुटणे हे मोठे कारण होते.

विमानातील किरणोत्सर्गाचा प्रश्न निराळा. त्यासाठी शेकडो एमईव्हीचे कण लागतात, जे हवेच्या अणुकेंद्रांवर आदळून न्यूट्रॉनांची सर खाली पाठवतात. २८ आणि २९ ऑक्टोबर तसेच २ नोव्हेंबर या तिन्ही दिवशी जमिनीवरील न्यूट्रॉन मॉनिटरांनी अशी वाढ नोंदवली, म्हणजे ते कण होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २५,००० फुटांवरील उड्डाणांसाठी किरणोत्सर्गाची सूचनाही दिली. त्याच वेळी २९ तारखेला उत्सर्जित द्रव्याच्या ढगाने दीर्घिकेतून येणारे वैश्विक किरण अडवल्याने त्याच मॉनिटरांची मूळ पातळी सुमारे वीस टक्क्यांनी घसरली होती. एकाच सूर्याने एका हाताने कण पाठवले आणि दुसऱ्या हाताने दुसरे कण रोखून धरले.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५२ अंशांचा कोन करते. भौगोलिक आणि चुंबकीय ध्रुव एक नसल्याने काही प्रदक्षिणांत ते त्याहून बऱ्याच वरच्या चुंबकीय अक्षांशांवर जाते. कड खाली सरकणे हा तिथल्या अंतराळवीरांच्या दृष्टीने तपशिलाचा मुद्दा नव्हे, कारण त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेतला उघड्यावरचा काळ वाढतो. त्या दिवसांत त्यांना स्थानकाच्या अधिक जाड आवरणाच्या भागात थांबण्यास सांगण्यात आले होते.

ऐंशी अंशांच्या अंधारात दुसरेच काही चालू होते. प्रोटॉनांनी घडवलेली हायड्रोजनची संयुगे ओझोन खातात, पण थोड्याच काळात नष्ट होतात. नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाश नसेल तर आठवडेच्या आठवडे टिकतात. ऑक्टोबरअखेर उत्तर ध्रुवावर रात्र सुरू झालेली असते आणि दक्षिण ध्रुवावर ऊन असते, त्यामुळे दोन्ही टोप्यांत जवळपास तेवढेच कण पडूनही परिणामांचा टिकाव सारखा नव्हता. उत्तरेकडील वरच्या वातावरणात त्या ऑक्साइडांची वाढ आणि ओझोनची घट दीर्घकाळ मागे राहिली. ३० तारखेच्या रात्री स्वीडनमधील माल्मो शहरात गेलेली वीज मात्र या कणांच्या खात्यावर टाकू नये, जरी बहुतेक याद्यांत ती शेजारीच लिहिलेली असते. तिचे कारण जमिनीत प्रेरित झालेले विद्युतप्रवाह होते, आणि तेही त्याच वादळाचे, पण सर्वस्वी वेगळ्या वाटेने आलेले.

उलट बाजूचा पुरावा तीन आठवड्यांनी मिळाला. २० नोव्हेंबर २००३ रोजी डीएसटी उणे ४२२ नॅनोटेस्लापर्यंत गेला, ऑक्टोबरच्या दोन्ही तळांपेक्षा खोल. दार आता अधिकच रुंद उघडले होते. पण त्या दिवशी १० एमईव्हीच्या प्रोटॉनांचा प्रवाह १० चा उंबरठासुद्धा ओलांडू शकला नाही. तो २१ तारखेच्या मध्यरात्रीजवळ ओलांडला गेला आणि २२ तारखेच्या पहाटे जेमतेम १३ वर थांबला, तोवर दार मिटत आले होते.